आज्जींच्या मशिनला किती बॅटरी?

सांगलीत इन्व्हर्टर बसवायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘दादा, जरा मोठा लावा, म्हंजे जास्त वेळ चालंल.’ गावभागातल्या एका घरी तेच वाक्य ऐकलं आणि पोटात गोळा आला. मिरजेच्या दवाखान्यातून आज्जींना नुकतंच घरी आणलं होतं. पलंगाशेजारी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशिन, धडधडत होता.

जिन्याखाली जुना 900 व्हीएचा (व्हीए म्हणजे एका वेळी लोड पेलायची ताकद) स्क्वेअर वेव्ह, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा इन्व्हर्टर आणि 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतला साठा) एक बॅटरी होती. मुलाचं म्हणणं होतं की बॅटरी हीच राहू द्या, इन्व्हर्टर तेवढा दोन हजार व्हीएचा करा, फ्रीजपण त्यावर घेऊ.

एका वेळी किती चालेल ते इन्व्हर्टर ठरवतो. किती वेळ चालेल ते बॅटरी. एवढं साधं गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

बोर्ड उघडून वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. मशिन 1.6 अँपिअर घेत होतं, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 370 वॅट. पंखा आणि एक एलईडी दिवा मिळून साडेचारशे धरले. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची, पण तो आकडा वीस तासांत हळूहळू उतरवली तरचा. जड लोड, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरी पार तळाला न्यायची नाही हे सगळं धरलं, तर हजार-अकराशे हाती लागतात. नव्या बॅटरीवर सव्वादोन तास. ही तर चार वर्षं वापरलेली. बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला, तर पूर्ण चार्जला 1240 च्या आसपास यायला हवं तिथं दोन सेल 1150 च्या वर येईनात. तसली बॅटरी दोन हजारच्या इन्व्हर्टरला जोडून तासभर तरी काय मिळणार होतं?

मग 24 व्होल्टचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणारा 1500 व्हीएचा इन्व्हर्टर आणि 150 एएचच्या दोन नव्या ट्युब्युलर (नळीच्या प्लेटांच्या) बॅटऱ्या ठरल्या. साडेचार तासांचा हिशोब. स्क्वेअर वेव्हवर मशिनमधल्या कॉम्प्रेसरची मोटर घुमते, तापते, म्हणून तिथं तडजोड नाही. फ्रीज सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, त्यावरून थोडी वादावादी झाली. दार उघडलं नाही तर फ्रीज तीन-चार तास गार राहतो हे सुनेनंच सांगितलं आणि विषय मिटला. आज्जींच्या खोलीची लाईन तेवढी वेगळी काढली.

बॅटऱ्या आज्जींच्याच खोलीत ठेवूया, असं निघालं. त्याला मी ठाम नकार दिला. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि तिथं ऑक्सिजन चालू! जिन्याखालीही नको, कारण 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली तेव्हा याच जिन्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. वरच्या उघड्या गॅलरीत पत्र्याखाली लोखंडी स्टँड केला.

शेजारी ऑक्सिजन सिलिंडर तयार ठेवून मेन स्विच पाडला. मशिनचा आवाज बदलला नाही. आज्जींच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडाही हलला नाही.

निघताना इन्व्हर्टरवर मार्करनं लिहिलं, ‘लाईट जाऊन तीन तास झाले की सिलिंडरवाल्याला फोन.’ मुलाला बजावलं, पुरात लाईट कित्येक दिवस येत नाही, तिथं ह्या दोन बॅटऱ्या पुरायच्या नाहीत. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की आज्जींना विश्रामबागला लेकीकडं हलवा. त्यानं तिथंच बहिणीला फोन लावला.