कानांनी पाहिलेले सिनेमे

सिनेमा बघून आले की मैत्रिणी विचारतात, लोकेशन कुठलं होतं, कॅमेरा कसा होता, तिच्या साड्या कसल्या होत्या. यातलं मला फार थोडं आठवतं. मला आठवतात ते आवाज. पार्श्वसंगीत कुठं सुरू झालं, कुठं थांबलं, दोघं बोलत असताना मागं पंखा ऐकू येत होता की नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर काचेपलीकडच्या साउंडप्रूफ खोलीत बसलेल्या माणसाला "बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं" असं सांगायचं आणि त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढायचा, हे माझं काम. घरी येऊन सिनेमा लावला तरी कान कामावरून उतरत नाहीत.

शिवाय शेजारी बाबा असतात. त्यांचं सगळं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलं. मागाच्या शेडमध्ये धोटा इकडून तिकडं आपटत असतो, एका शेडमध्ये असे कितीतरी माग, आणि आवाज नव्वद-शंभर डेसिबलच्या घरात. अशा आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचा ऑडिओग्राम मी लांबून ओळखते: रेघ बरी चालत येते आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांपाशी, खड्ड्यात जाते. बाबांचा तसाच आहे. त्यांना आवाज ऐकू येतो. आ, ओ हे स्वर जोरकस असतात, ते नीट पोचतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीतली, ती गळून पडतात. म्हणून टीव्हीपुढं बसून ते नेहमी एकच तक्रार करतात, "आवाज हाय गं, शब्द कुठं हाईत?"

आता या माणसाला आजचा एखादा सिनेमा दाखवा. नायक हळू आवाजात मनातलं सांगतोय आणि त्याच्याखाली व्हायोलिनं, वर बासरी, मधून ढोल. कानातलं मशीन सगळंच वाढवतं. भांड्यांचा, गाडीचा गोंगाट हल्लीची मशिनं बरीच कमी करतात, पण संवाद आणि संगीत एकमेकांत कालवलं की त्यांना ते धड वेगळं करता येत नाही. बाबांच्या शेजारी बसून सिनेमे बघायला लागल्यापासून मी त्यांच्या कानांनीही बघायला लागले, आणि माझी आवडनिवड त्यामुळं पार बदलली.

सगळ्यात आधी बदललं ते 'कुंकू'मुळं. 1937 सालचा, प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. नीरा ही तरुण मुलगी फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही, हे मी बघायला बसेपर्यंत माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. गाणी आहेत, पण ती त्या घरातल्या, रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडची. बाकी वेळ त्या वाड्यात जे वाजेल तेच आपल्याला ऐकू येतं: दार, पावलं, भांडी, भिंतीवरचं घड्याळ.

बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. 'आलम आरा' 1931चा, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932चा. आवाज नवा होता, लोक तो ऐकायलाच तिकीट काढत होते. अशा काळात पडद्यावरून संगीताचा आधार काढून घ्यायचा आणि एका बाईचा 'नाही' नुसत्या बोलण्यावर तोलून धरायचा, याला केवढी हिंमत लागली असेल! नीरा चिडते तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं व्हायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. शांता आपटेंचा आवाज येतो, धारदार, जराही न थरथरता. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. ते रंगभूमीवरचे नट, त्यांचा शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू येतो. प्रिंट जुनी, आवाजात खरखर भरपूर, तरी बाबांनी मला एकदाही "काय म्हणाला?" असं विचारलं नाही. उलट मध्येच मला म्हणाले, "ती पोरगी बघ कशी बोलती. मागं हटंना." तंत्राच्या हिशेबानं कितीतरी मागासलेला आवाज, पण यंत्रमागानं खाल्लेल्या कानात तो सरळ शिरला. माणसं एका वेळी एक बोलतात, स्पष्ट बोलतात आणि मध्ये कुणी येत नाही, एवढंच त्याचं कारण.

माझ्या पेशातल्या प्रत्येकानं बघावा असा दुसरा सिनेमा म्हणजे गुलजार यांचा 1972 सालचा 'कोशिश'. संजीव कुमार आणि जया भादुरी, दोघंही ऐकू-बोलू न शकणारे. त्यांचं पहिलं बाळ जातं, कारण ते रांगत बाहेर पावसात जातं आणि त्याचं रडणं आईबापांना ऐकू येत नाही. त्यानंतर दुसरं बाळ होतं. हे दोघं त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवून बघतात. बाळ ढिम्म. त्या दोघांच्या चेहऱ्यावर जी भीती उतरते ना, ती मी माझ्या खोलीत खूपदा पाहिली आहे. धावत डॉक्टरकडं जातात आणि मग कळतं, खुळखुळाच वाजत नव्हता. तो वाजतोय की नाही हे त्या दोघांना कळायला मार्गच नव्हता.

हा प्रसंग मला हलवून सोडतो, कारण तो कामातला आहे. आजही आईवडील घरी अशीच परीक्षा घेतात. ताट वाजवतात, टाळी वाजवतात, कुकरच्या शिट्टीला बाळ दचकलं का बघतात. पण ताट वाजवणारा हात बाळाला दिसतो, जोरात आपटलं की हादरा जाणवतो, आणि ऐकू न येणारं बाळही वळून बघतं. घरचे निर्धास्त होतात आणि मोलाचं एक वर्ष निघून जातं. खरी तपासणी जन्मल्यावर काही दिवसांतच होते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवायची, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. समुपदेशनात हे समजावताना मी हल्ली त्या खुळखुळ्याची गोष्ट सांगते. आयांना ती लगेच पोचते.

थरारपटांकडं मी उशिरा वळले. ज्युल्स दासँ यांचा 'रिफिफी' हा 1955चा फ्रेंच सिनेमा. जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा, आणि जवळपास अर्धा तास ना संवाद, ना संगीत. वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात आणि भोकातून छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे ढिगारा त्या छत्रीत पडावा आणि आवाज होऊ नये. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी या प्रसंगासाठी संगीत करून दिलं होतं. मग प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोन्ही तऱ्हांनी पाहिल्यावर नको हेच बरं, असं त्यांनीच मान्य केलं. स्वतःचं केलेलं काम काढून टाका म्हणणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. हिचकॉक यांच्या 1963च्या 'द बर्ड्स'मध्येही नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांचे आवाज आहेत आणि त्यातले बरेच इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले. तो मी बाबांबरोबर बघितला. त्यांना फारसा आवडला नाही, कावळ्यांना कशाला भ्यायचं म्हणाले.

संगीत नसलं की सिनेमा चांगला, असं माझं म्हणणं नाही. 'पथेर पांचाली'त हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी काढून बायकोच्या हातात देतो. दुर्गा गेली आहे हे त्याला ठाऊक नाही. बायको, सर्वजया, इतका वेळ गप्प असते, ती कोसळते, तिचं तोंड उघडतं आणि तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या रडण्याच्या जागी तारशहनाई वाजते, अगदी वरच्या स्वरात. संगीत रविशंकर यांचं. सत्यजित राय यांनी आईचा आक्रोश काढून घेतला आणि त्या जागी वाद्य ठेवलं. बाबांना वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून मला धाकधूक होती. पण तिचा चेहरा बघूनच त्यांनी डोळे पुसले होते.

आणि मग 'सैराट'. 2016 साली कोल्हापुरात थेटरात जाऊन बघितला. पहिल्या अर्ध्या भागात गाण्यांचा जो पूर येतो तो अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदावर रेकॉर्डिंग केलं. थेटरात लोक उठून नाचत होते, पैसे उधळत होते, बाबांनी तर मशीनचा आवाज कमी करून घेतला. मध्यंतरानंतर आर्ची आणि परशा हैदराबादला पळून जातात आणि गाणी संपतात. झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडणं. नागराज मंजुळे यांनी संगीताची सवय लावून मग ती हळूहळू मोडली, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. पहिल्यांदा काहीच कळत नव्हतं, मी नुसती आत ओढली गेले होते.

शेवटी आर्ची-परशाचं ते छोटं पोर घरात येतं आणि आवाज पूर्ण बंद होतो. रडणारं तोंड दिसतं, रडणं ऐकू येत नाही. माझ्या शेजारी बाबांनी हात वर नेला, कानातलं मशीन काढलं, बॅटरीचं झाकण उघडून बघितलं, परत बसवलं. त्यांना वाटलं, सेल संपला. मशीन लावूनही काही येईना तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, "नाही, सगळ्यांनाच येत नाहीये." तेव्हा कुठं त्यांनी परत पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर रक्तात भरलेली पावलं उंबऱ्याबाहेर जात होती.

एवढ्या मोठ्या थेटरात त्या वेळी कुणालाच बाबांपेक्षा जास्त ऐकू येत नव्हतं. हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

'साउंड ऑफ मेटल' या 2019च्या सिनेमाबद्दल मला पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, कारण त्यातल्या ड्रमरची श्रवणशक्ती जाते आणि तो कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करून घेतो. ध्वनीचं ऑस्कर त्याला मिळालं ते योग्यच. पार्टीतला तो चिरका, पत्र्यासारखा आवाज ऐकताना मला प्रत्यक्ष गुदमरल्यासारखं झालं. पण एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. सिनेमात ऐकवलाय तो सुरुवातीच्या दिवसांतला आवाज. मेंदूला नव्या आवाजाची ओळख पटायला कित्येक महिने लागतात, त्यासाठी थेरपी असते, मशीनचं मॅपिंग, म्हणजे त्या माणसाला सोसेल तशी आवाजाची जुळवणी, पुन्हा पुन्हा करावं लागतं. माझ्याकडं येणारी माणसं पुढं फोनवर नातवंडांशी बोलतात. हा सिनेमा बघून कुणी ऑपरेशनला घाबरत असेल तर त्यानं आधी इम्प्लांट झालेल्या दोन माणसांना भेटावं.

बाबांबरोबर हिंदी, बंगाली, फ्रेंच काहीही बघायला त्रास होत नाही, कारण खाली ओळी असतात. इंग्रजी त्यांना येत नाही, मी वाचून सांगते. गंमत म्हणण्यासारखी नाही अशी गोष्ट ही की अडचण सगळ्यात जास्त मराठी सिनेमाला येते. ओळी असतात त्या इंग्रजी, म्हणजे आपल्याच भाषेतला सिनेमाही त्यांना स्वतः वाचून बघता येत नाही. मराठी सिनेमाला मराठी ओळी देणं अवघड नाही, संवाद तर आधीच लिहिलेले असतात. ज्यांना ऐकू कमी येतं पण मराठी वाचता येतं अशी माणसं घरोघरी आहेत, आणि सिनेमाची सगळ्यात जास्त ओढ त्यांनाच आहे. एखादा दिग्दर्शक, निर्माता हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या सिनेमापासून हे करा. देवनागरी अक्षर जरा मोठं ठेवा, मागं काळी पट्टी द्या आणि कुणी पडद्याबाहेरून बोलत असेल तर त्याचं नाव लिहा. अक्षर वाचता येतंय का ते तपासून द्यायला बाबा तयार आहेत.