वॉरंटी चालू असताना घरी काय उघडावं, काय नाही

नव्या बाइकचा वॉरंटी क्लेम नाकारायला सगळ्यात सोपी कारणं दोन: हुकलेली सर्व्हिस आणि कापलेली वायर. म्हणून वॉरंटी आहे तोवर पुस्तिकेतल्या सर्व्हिसेस, फ्री असोत वा पेड, कंपनीच्या सेंटरलाच करा. 'किलोमीटर किंवा दिवस, जे आधी' ही अट नीट वाचा. कमी फिरणाऱ्या गाडीचे दिवस आधी उलटतात आणि क्लेम तिथेच अडकतो. जॉब कार्ड आणि बिल दर वेळी मागून घ्या.

चेन मात्र घरीच बघावी. दोन सर्व्हिसमध्ये हजारो किलोमीटर जातात आणि चेनला दर ५०० किलोमीटरला तेल लागतं, पावसाळ्यात त्याच्याही आधी. शिवाय चेन-स्प्रॉकेट झिजले तर ते सहसा वॉरंटीत बसतच नाहीत. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा; इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटं जातात. मऊ ब्रश आणि रॉकेलने चिखल काढा. ओ-रिंगची (कड्यांमध्ये ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश नकोच, त्याने रबर खराब होऊन आतलं ग्रीस निघून जातं. कोरडी पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडा, थोडा वेळ मुरू द्या आणि वरचं पुसून टाका. ओघळ राहिला तर त्यावर धूळ बसून वाळूचा कागद तयार होतो.

ढिलाई खालच्या चेनच्या मधोमध मोजा. बऱ्याच १००–१५० सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी चालते, पण आकडा आपल्या पुस्तिकेतलाच धरा. चाक थोडं थोडं फिरवून चेन सगळ्यात ताठ होते तिथे माप घ्या. ॲक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, खुणा जुळवा. फार ताठ चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. ड्रम ब्रेक असेल तर नंतर पेडलचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल) पुन्हा लावा, हे हमखास विसरलं जातं.

इंजिन ऑइल वॉरंटीत स्वतः बदलू नका, असं माझं मत. लेव्हल कमी दिसली तर पुस्तिकेतल्याच ग्रेडचं, जॅसो एमए किंवा एमए२ (बाइकच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं तेल घाला आणि बिल ठेवा. कारचं उरलेलं तेल ओतलं तर क्लच घसरू शकतो. जास्त भरलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

जादा हॉर्न-लाइट हवेच असतील तर कपलरला (वायरिंगच्या तयार प्लगला) जोडणारं, स्वतंत्र रिले-फ्यूजचं किट घ्या. मूळ वायर सोलून टेप मारलेली दिसली की पुढचा प्रत्येक इलेक्ट्रिकल बिघाड तुमच्या माथी.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना बजावलं होतं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. तो आदेश कार कंपन्यांपुरता होता. दुचाकीच्या काउंटरवर तो ऐकवत बसण्यापेक्षा नकार कारणासह लेखी मागा. तो दिला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, जॉब कार्डचा नंबर सांगून तक्रार नोंदवा.