ल सांतिए: जेजेर-लेकूल्त्रचा कारखाना बघायचा तर

स्वित्झर्लंडच्या झू खोऱ्यातल्या या गावी जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊ नका. स्वित्झर्लंडचे घड्याळ कारखाने तेव्हा सामूहिक सुट्टीवर असतात. जुनी घड्याळं दिसली तरी कारागिरांची टेबलं रिकामी. शनिवार-रविवारचंही तेच. आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि स्वतः हाताळायचं सत्र हवं असेल तर ते वेगळं नोंदवावं लागतं.

लोझानहून रेल्वे आहे. ल दे स्थानकात गाडीचे भाग वेगळे होतात, म्हणून बसतानाच डब्यावर ल ब्रासूची, म्हणजे ल सांतिएच्या पुढच्या शेवटच्या स्थानकाची, पाटी बघून घ्या. मोटारीने गेलात तर कारखाने सुटायच्या वेळेआधी खोरं सोडा. फ्रान्सकडे परतणाऱ्या कामगारांची रांग लागते. उंची हजार मीटर, हिवाळ्यात झू तळं गोठतं, तेव्हा गरम कपडे हवेतच. मात्र लोकरीचा स्वेटर कार्यशाळेबाहेर काढून ठेवा. त्याचा एक तंतू चाकात अडकला की घड्याळ बंद.

१८३३ मध्ये आंत्वान लेकूल्त्रने इथे कार्यशाळा काढली आणि १८४४ मध्ये मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणारं यंत्र केलं. रिव्हर्सो या त्यांच्या प्रसिद्ध घड्याळाचं मूळ आपल्याकडचं: भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून १९३१ मध्ये उलटी फिरणारी घड्याळाची पेटी आली. पण वेळ कमी असेल तर इतिहासाच्या दालनातला कापा, घासकामाच्या टेबलावरचा नको. तिथे घड्याळाच्या आतल्या धातूच्या पट्टीची कड ४५ अंशांत छाटतात. बाहेरची कड यंत्र करील. आतला कोपरा फिरत्या हत्याराने गोल होतो, तो हातानेच तासावा लागतो. शेवटची झिलई जेन्शियन या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या देठाने. ९८ भागांचं, जेमतेम एक ग्रॅमचं कॅलिबर १०१ हे घड्याळाचं आतलं यंत्र बघायला मिळालं तर भिंग मागून घ्या.

हाताळायच्या सत्रात बहुतेकांचा घोटाळा स्क्रूवर होतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेइतकंच रुंद घ्या. अरुंद पातं निसटतं आणि पट्टीवर ओरखडा पडतो. तर्जनी माथ्यावर टेकवायची, फिरवायचं अंगठा आणि मधल्या बोटाने. चिमटा आवळू नका, आवळला की स्क्रू उडतो. उडालाच तर जागचे हलू नका, पाय उचलू नका. आधी डगल्याच्या घड्या आणि बाह्या तपासा, बहुतेकदा तो तिथेच सापडतो.