तुम्ही विचारलंत म्हणून: एका जुगारघरवाल्याची पँट

नाटकाच्या वेशभूषेबद्दल कुठे बोलायला गेले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कपड्यांसाठी तुमचा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पेशवाई असते, नाहीतर एखादा दरबार. मी 'कॅसिनो' म्हणते. समोरचा जरा गोंधळतो आणि मग दुसरा प्रश्न येतो, "तो मारामारीचा? त्यात वेशभूषेचं काय आहे?"

तेवढ्या वेळात उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्टिन स्कॉर्सेसीचा १९९५ चा सिनेमा, जवळजवळ तीन तासांचा. पटकथा त्याची आणि पत्रकार निकोलस पिलेगीची. रॉबर्ट डी नीरो झालाय सॅम ऊर्फ 'एस' रॉथस्टीन. पैज कुठे लावायची याचं अचूक गणित डोक्यात असलेला हा माणूस. माफियाचे म्हातारे त्याला लास व्हेगासमधलं टँजियर्स नावाचं जुगारघर चालवायला बसवतात, आणि रोजच्या गल्ल्यातली रोकड मोजणी पुरी व्हायच्या आत सूटकेसमधून त्यांच्याकडे जाते. शॅरन स्टोन त्याची बायको जिंजर, जो पेशी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त निकी. काळ मुख्यतः १९७३ ते १९८३. टँजियर्स काल्पनिक असलं तरी रॉथस्टीनमागे फ्रँक रोझेंथल हा खरा माणूस होता. तोही भडक सूटांसाठी ओळखला जायचा.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्याच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते. एस आपल्या केबिनमध्ये टेबलामागे बसलाय. शर्ट, टाय, सगळं जागच्या जागी. बाहेरून सेक्रेटरीचा निरोप येतो की कोणी भेटायला आलंय. तो उठतो, आणि तेव्हा आपल्याला दिसतं की त्याने पँट घातलेलीच नाही. खाली नुसते मोजे आणि उघडे पाय. तो शांतपणे कपाटाशी जातो, टांगलेली पँट काढतो, चढवतो, आणि मग पाहुण्याला आत बोलावतो. त्यावर कोणी काही बोलत नाही. सिनेमाभर कानाशी निवेदन चालू असतं, पण या पँटबद्दल त्यातही अवाक्षर नाही.

कपडेपट सांभाळणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. इस्त्रीची घडी. बसलं की मांडीवर चुण्या पडतात आणि गुडघ्याला पँट फुगते. माझ्याकडे प्रयोगाच्या दिवशी कोणी नट इस्त्रीची पँट घालून विंगेत खुर्चीवर टेकला तर मी त्याला उठवते, मग तो कितीही मोठा असो. पण आम्ही हे प्रेक्षकांसाठी करतो. एस बंद केबिनमध्ये एकटा असताना करतो. जगात सगळं आपल्या हिशेबाने चालावं असं वाटणारा माणूस कसा असतो, हे सांगायला पानभर संवाद खर्ची पडले असते. इथे दहाएक सेकंदांत काम झालं. आणि डी नीरो ते करतो कसं, तर रोज करतोय असं. ना लगबग, ना ओशाळणं. थोडा जरी विनोदाकडे झुकला असता तर प्रसंग फुकट गेला असता.

ज्याच्यासाठी ही पँट चढवली तो पाहुणाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅट वेब, तिथला स्थानिक पुढारी. एसने त्याच्या मेव्हण्याला कामावरून काढलंय, कारण स्लॉट मशीनना लागोपाठ जॅकपॉट लागत होते आणि या बाबाला काही कळलं नाही. वेबचं काम एल. क्यू. जोन्सने केलंय. सावकाश, अदबीने बोलणारा, रँचवाल्या थाटाचे कपडे घातलेला माणूस. मेव्हण्याला परत घे, निदान कुठेतरी चिकटव, एवढंच त्याचं म्हणणं. एस नाही म्हणतो. वेबचा आवाज चढत नाही, पण तुम्ही लोक इथे पाहुणे आहात आणि मालकासारखे वागता, असं तो ऐकवून जातो. पुढे एसला जुगारघराचा परवाना नाकारला जातो त्याची मुळं इथे आहेत. नीट बघितलं तर हा सामना दोन शिंप्यांचा आहे. एकाचे कपडे त्या मातीतले, दुसऱ्याचे कपडे त्या मातीचा कण अंगाला लागू नये म्हणून शिवलेले.

एसच्या रंगांबद्दल बोलायलाच हवं. वेशभूषा रीटा रायक आणि जॉन डन या दोघांची. एकट्या डी नीरोसाठी ७० च्या आसपास पोशाख झाले आणि स्टोनसाठी ४० च्या, असं सांगितलं जातं. आकड्यापेक्षा मला जुळणी महत्त्वाची वाटते. शर्ट, टाय, कोट, कधीकधी मोजेसुद्धा एकाच रंगाच्या जवळपासच्या छटांमध्ये. लिंबू, पिस्ता, फिका जांभळा, आकाशी. सुरुवातीलाच तो अबोली रंगाच्या कोटात गाडीकडे चालत जातो, किल्ली फिरवतो आणि गाडीचा स्फोट होतो. मग सोल आणि इलेन बास यांनी रचलेल्या नामावलीत त्याची आकृती ज्वाळांमधून तरंगत जाते, मागे संगीतकार बाखचं कोरस. (तो वाचतो तो गाडीच्या सीटखाली असलेल्या धातूच्या पत्र्यामुळे. कोटाचं श्रेय काही नाही.)

असे रंग पडद्यावर सहज हास्यास्पद होतात. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ते वरातीतल्या बँडवाल्यांचे वाटले असते. डी नीरो त्यातून सुटतो कारण तो त्या कपड्यांना बघतच नाही. इतक्या भडक कोटात तो जवळजवळ निश्चल उभा राहतो. हातात सिगारेटची नळी, नजर जुगाराच्या टेबलावर. रंग ओरडतात, माणूस गप्प असतो. नाष्ट्याच्या मफिनमध्ये आपल्या वाट्याला ब्लूबेरी कमी आणि समोरच्याच्या मफिनमध्ये भरपूर, हे पाहून तो तडक भटारखान्यात जातो आणि प्रत्येक मफिनमध्ये सारख्याच ब्लूबेरी घाला असं सुनावतो. तो माणूस आणि हा टाय जुळवणारा माणूस एकच आहे, हे आपल्याला तोवर पटलेलं असतं.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, ते कसे दिसतात? ते म्हातारे एका अंधाऱ्या मागच्या खोलीत टेबलाभोवती बसतात, खातात, कुरकुरतात. कपडे आपल्या गल्लीतल्या कुठल्याही आजोबांचे. कॅन्सस सिटीतला त्यांचा एक माणूस किराणा दुकानात बसून शिव्या देतो आणि त्याची आई त्याला तोंड सांभाळ म्हणते. (आईचं काम केलंय स्कॉर्सेसीच्या खऱ्या आईने.) गल्ल्यातली रोकड सूटकेसमध्ये भरून नेणारा माणूसही रस्त्यात दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा. पैसा ज्यांचा आहे त्यांना दिसायची गरज नाही. एस सत्तर सूट घालतो, कारण तो नोकर आहे. हे मला कळायला बराच काळ लागला, आणि कळल्यापासून तो अबोली कोट बघताना मला जरा कणवच येते.

पण लोक डी नीरोच्या सूटांवर थांबतात तिथे माझं भांडण सुरू होतं. कपड्यांतला खरा अभिनय शॅरन स्टोनचा आहे.

जिंजर पहिल्यांदा एसला दिसते ती पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर. एका गिऱ्हाइकाबरोबर डावावर उभी, आणि त्याच्याच चिप्स, म्हणजे जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, हळूच लांबवतेय. त्याने तिचा वाटा द्यायला नकार दिल्यावर ती चिप्स हवेत उधळते. माणसं जमिनीवर तुटून पडतात आणि ती मधून निघून जाते. तिच्या कपड्यांतला पांढऱ्या-सोनेरी मण्यांचा एक गाऊन सुमारे २० किलोचा होता असं सांगतात. किलो सोडून द्या, पण ज्यांनी जड भरजरी शालू नेसून दिवसभर वावरलंय त्यांना विचारा, खांदे काय म्हणतात ते. स्टोनच्या चालीत त्या वजनाची पुसट खूणही नाही.

मग लग्न. तिने आधीच स्पष्ट सांगितलंय की माझं तुझ्यावर प्रेम नाही. त्याचं म्हणणं, विश्वास असला की पुरे. लग्नाच्याच समारंभात, नववधूच्या पांढऱ्या पोशाखात ती फोनला चिकटून रडतेय. पलीकडे लेस्टर, तिचा जुना दलाल. हे काम जेम्स वुड्सने इतकं किळसवाणं केलंय की काय सांगू. त्यानंतर एस तिला घर दाखवतो, फरचा कोट देतो, दागिने देतो. एवढे सगळे एकाच दिवशी घातले तर जास्त होईल का, असं ती विचारते. तिचा चेहरा तेव्हा खरोखर उजळतो, खोटं काही नाही त्यात. आपल्याकडची कुठलीही आजी ते पाहून म्हणेल, बाई, लॉकरची किल्ली तुझ्याकडे ठेव. जिंजरला ते आधीपासूनच ठाऊक असतं. तिला मिळणारं प्रेम याच चलनात येतं, हे तिने मान्य केलेलं असतं.

आणि मग स्टोन तेच कपडे उतरवत नेते. अक्षरशः नाही. तीच श्रीमंती अंगावर असते, पण आता जिंजर त्या कपड्यांच्या आत नीट मावत नाही. खांदा पडतो, मान लुळी पडते, आवाज फाटतो. मोटार एसच्या गाडीवर आदळत ती घरासमोर थयथयाट करते तेव्हा हा घडीबंद माणूस शेजाऱ्यांदेखत ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर उभा असतो. शेवटी ती लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात भेलकांडत जाते. सजवलेल्या बाईची भूमिका करणं सोपं. सजावट हीच जिची ओळख, तिला आतून विसविशीत होताना दाखवणं फार अवघड. त्या वर्षी तिला गोल्डन ग्लोब मिळालं. ऑस्करचं नामांकनही झालं, पण ते तिथेच राहिलं. या सिनेमाला ऑस्करचं तेवढंच एक नामांकन.

वेशभूषेसाठी नाहीच. त्या वर्षी वेशभूषेच्या यादीत 'रेस्टोरेशन' होता, तोच जिंकला. 'ब्रेव्हहार्ट', 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', 'रिचर्ड द थर्ड', '१२ मंकीज' होते. म्हणजे तलवारी, झालरी, गणवेश, नाहीतर भविष्यकाळ. वीस वर्षांपूर्वीचे कपडे करणं हे काम कोणाला कामच वाटत नाही. खरं तर ते जास्त नेटाचं. सतराव्या शतकातली कॉलर चुकली तर प्राध्यापकांना कळेल. १९७४ ची कॉलर चुकली तर थेटरात बसलेल्या प्रत्येक मामाला कळेल, कारण तशीच त्याच्या लग्नाच्या फोटोत आहे. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकातलं नाटक करायचं म्हटलं की निर्माता म्हणतो, कपडे घरूनच आणतील सगळे. आणि आणतातही.

जो पेशीबद्दल तुम्ही विचाराल, म्हणून एवढंच. हा सिनेमा पाहिलेल्या कुणालाही निकीचे कपडे आठवतात का विचारा. बहुतेकांना आठवत नाहीत, आठवतं ते बारमध्ये त्याने एकाला भोसकलेलं पेन. जो माणूस कुठल्याही क्षणी समोरच्यावर तुटून पडू शकतो, त्याला नजरेत भरणारे कपडे द्यायचे नसतात. नजर त्याच्या हातांवर राहायला हवी. वेशभूषाकाराने मागे सरणं हीसुद्धा वेशभूषाच.

सिनेमात खटकणारं काही नाही असं नाही. निवेदन जरा फार आहे, दोघेदोघे कानाशी बोलत राहतात, आणि मधला तासभर पैशाचा हिशेब ऐकताना कंटाळा येऊ शकतो. पहिल्यांदा बघणार असाल तर तो तास ढकलू नका, पॅट वेब त्यातच येतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा आवाज बंद करून फक्त जिंजरचे खांदे बघा. शेवटाकडे मक्याच्या शेतात निकी आणि त्याच्या भावाला अंतर्वस्त्रांवर आणून मारतात, तो प्रसंग मात्र मी अजूनही पुढे ढकलते. तुम्हीही ढकललात तर वेशभूषेचं काही बिघडणार नाही.