दहाव्या रेपनंतर

मी जिममध्ये ट्रेनर आहे. सकाळच्या पहिल्या बॅचला एक ताई येतात. तीन वर्षांत मी त्यांना दात-ओठ खाताना पाहिलेलं नाही. स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठण्याचा, शेवटचा रेप (एक आवर्तन) असो की बुटाची नाडी बांधणं असो, चेहरा तोच. त्या दिवशी त्यांनी ६० किलोवर ८ रेप मारले, बार रॅकवर ठेवला आणि शांतपणे पाण्याची बाटली उचलली. मी समोरूनच बघत होतो. मनात म्हटलं, हे वजन म्हणजे यांना खेळणं झालंय.

"ताई, पुढचा सेट ६५ ने मारा."

"पासष्ट?"

"होईल हो, आरामात."

दोन्हीकडे अडीच-अडीच किलोच्या प्लेट चढल्या. पाच रेप झाले. सहाव्याला त्या खाली गेल्या, वर यायला लागल्या आणि निम्म्या वाटेवर बार थांबला. ना थरथर, ना आवाज. नुसता थांबला, मग सावकाश खाली आला आणि बार अडवणाऱ्या सेफ्टी पिनांवर खण्णकन टेकला. पिना नीट उंचीवर लावलेल्या होत्या म्हणून निभावलं. ताई बारखालून सरपटत बाहेर आल्या.

"लागलं का कुठे?"

"नाही." टॉवेलनं हात पुसत, तक्रारीचा सूर अजिबात न लावता त्या म्हणाल्या, "मघाच्या सेटलाच फार तर एक उरला होता, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

अकरा वर्षं मी हे काम करतोय. माणसाकडे एक नजर टाकली की त्याच्यात किती उरलंय ते मला कळतं, असं मी चारचौघांत छाती काढून सांगितलेलं आहे.

फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, तपासायला ताईंनी फोन बाजूला लावून ठेवला होता, त्यामुळे आधीच्या सेटचा व्हिडिओ होता. त्या गेल्यावर मी तो मागून घेतला आणि बसून पाहिला. चेहरा फ्रेममध्ये नव्हताच, नुसती प्लेट दिसत होती. पहिला रेप खालून वर यायला साधारण एक सेकंद. पाचवा दीडच्या आसपास. आठव्याला जवळजवळ तीन, आणि मध्ये एका जागी प्लेट अगदी थबकल्यासारखी. वजन तेच, माणूस प्रत्येक वेळी होता तेवढा जोर लावतोय आणि तरी बारचा वेग पडत चाललाय, याचा अर्थ टाकी रिकामी होत आलीय. एवढं तर मला पाठ होतं. मी पाहत मात्र दुसरीकडेच होतो.

दुपारभर डोक्यात एकच. हिच्या बाबतीत चुकलो, तर उलट्या बाजूनं किती जणांच्या बाबतीत चुकत असेन?

उत्तर संध्याकाळी स्वतःच्या पायानं चालत आलं. आमचे एक काका आहेत, पन्नाशी ओलांडलेले. नियमित इतके की ते दिसले नाहीत तर लोक तब्येत विचारतात. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलणं, मारताना अर्धं जिम वळून बघतं. डोळे गच्च मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, सातव्या रेपपासून हुंकार आणि दहाव्याला "हाऽऽ!" करून बार रॅकवर आदळणार. मनगटावर पट्टा, त्यावर दीडशेच्या वर ठोके. टी-शर्ट पिळला तर पाणी निघेल. आणि बेंच आठ महिने ४० किलोवर अडकलेला: ३ सेट, १० रेप. मी त्यांना झोप विचारली, प्रोटीन विचारलं, वयाचा दाखला दिला. "काका, आता सावकाशच वाढणार" असंही बोलून बसलो.

त्या दिवशी मी त्यांचा दुसरा सेट बाजूनं फोनवर घेतला. हुंकार, शिरा, सगळं यथासांग. "काका, अजून किती झाले असते?"

"एक. फार फार तर दोन."

व्हिडिओ लावला. पहिला रेप वर जायला एक सेकंदाला थोडा कमी. दहावा? तेवढाच. बार पहिल्यासारखाच सुळकन वर जात होता, थकल्यासारखे दिसत होते ते फक्त काका.

"शेवटच्या सेटला आकडा मोजायचा नाही," मी म्हटलं. "मी मागे उभा आहे. बार अडकला तर मी उचलतो. तोवर थांबायचं नाही."

"अरे, माझं वय बघ."

"वय बघूनच मागे उभा राहतोय."

आधी तीन मिनिटं बसवून ठेवलं. एरवी ते चाळीस सेकंदांत परत बेंचवर. ठोके खाली येऊ द्यायचे नाहीत हा त्यांचा नियम. तिथेच निम्मी गोम होती. ठोके धाप सांगतात; छाती आणि दंडावर किती भार पडला ते नाही. घामाचंही तसंच, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीवरही फार विसंबू नये. नवा व्यायाम केला की हलक्या वजनानंही अंग दुखतं.

दहा झाले, नेहमीचा "हाऽऽ" झाला आणि हात सवयीनं रॅककडे वळले. "अजून!" अकरा, बारा, तेरा. चौदाव्यानंतर हुंकार बंद पडला, हे मला फार आवडलं. खरंच जड झाल्यावर आवाज काढायला श्वास शिल्लक नव्हता. सतराव्याला बार पहिल्यांदा रेंगाळला. अठरावा दोन सेकंद. एकोणिसावा छातीपासून वीतभर वर येऊन कुरकुरत, इंच-इंच करत वर गेला. विसाव्याला माझी बोटं लागली.

एकोणीस. जो माणूस "फार फार तर दोन" म्हणत होता, त्याच्याकडे नऊ उरले होते. बरं, काका खोटं बोलत नव्हते. फेल्युअरपासून, म्हणजे पुढचा रेप होतच नाही त्या टोकापासून, लांब असताना किती उरले हे कुणालाच धड सांगता येत नाही. जसजसं जवळ जाल तसा अंदाज सुधारतो, आणि ते तिथं कधी गेलेच नव्हते.

का गेले नव्हते ते त्यांच्या कार्डावर होतं. माझ्याच अक्षरात: "बेंच ४० × १०". मी दहा लिहिलं, त्यांनी दहाला शर्यत संपवली. मन मोठं हुशार असतं, दहाला थांबायचं ठरलेलं असेल तर सातपासूनच दमायला लागतं. शरीरही कंजूष. स्नायूतले छोटे तंतू आधी कामाला लावतं, मोठे भार वाढल्यावर किंवा छोटे थकल्यावरच बाहेर काढतं. काकांचे मोठे तंतू आठ महिने बऱ्यापैकी सुट्टीवरच होते. स्नायू हलक्या वजनानंही वाढतो, पण सेट शेवटाच्या जवळ न्यावा लागतो. ताकद हवी तर जड वजनही उचलावं लागतं. काका दोन्ही करत नव्हते.

पुढच्या आठवड्यात ५० किलो लावलं. नऊ झाले, नवव्याला बार जेमतेम चढला. वजनाचा तिसावा भाग काढून त्याला रेपनं गुणायचं आणि मूळ वजनात मिळवायचं, हे जुनं सूत्र लावलं तर एका रेपची ताकद येते ६५ किलो. म्हणजे आठ महिने काका साधारण साठ टक्क्यांवर दहा मारून घामाघूम होत होते.

कार्डात आता एक रकाना वाढवलाय: "उरले किती?" कल्पना माझी नाही. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं माणसाला मेहनत किती वाटली हे मोजायला ६ ते २० अशी चमत्कारिक पट्टी बनवली. आकड्यापुढे शून्य लिहिलं की अंदाजे हृदयाचे ठोके येतात, म्हणून सहापासून. वजन उचलणाऱ्यांनी ती १ ते १० वर आणली: १० म्हणजे काही उरलं नाही, ८ म्हणजे दोन उरले. मला "आठ" ऐकण्यापेक्षा "दोन उरले" ऐकणं सोपं जातं. रोज शेवटापर्यंत जायचं नाही, एक ते तीन हातात ठेवायचे. प्रत्येक सेट मरेस्तोवर मारला तर पुढच्या सेटमध्ये आणि पुढच्या दिवशी त्याची वसुली होते. पण अंदाज खरा आहे का ते दोन-तीन आठवड्यांतून एकदा, स्पॉटर, म्हणजे बार अडकला तर उचलणारा, ठेवून, एका सेटला तपासायचं.

पहिले काही दिवस काका प्रत्येक ओळीत "१" लिहायचे आणि मी व्हिडिओ बघून शेजारी "४". त्यावरून वादही झाले. हल्ली आमच्यात एकाचा फरक पडतो. हुंकार अजून सातव्यालाच सुरू होतो, त्याला माझा इलाज नाही.

ताईंचं वजन मी वाढवलं नाही, तीन आठवडे ६० च ठेवलं. मग अडीच किलो, आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा ६५. आठ झाले. चेहरा नेहमीसारखा. मी या वेळी बाजूला उभा होतो, नजर प्लेटवर.

"किती उरले, ताई?"

त्यांनी जरा विचार केला.

"अर्धा."

मी कार्डावर "०" लिहिलं.