यलोस्टोनच्या गीझरसाठी एक अख्खा दिवस काढा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: ओल्ड फेथफुल पाहून लगेच गाडीकडे वळू नका. साधारण दीड तासाने उडणारा, 40 मीटरच्या आसपास उंची गाठणारा हा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, देखणा आहेच. पण त्याच्या मागे पसरलेलं अप्पर गीझर बेसिन, म्हणजे गीझरांनी भरलेला सखल भाग, पाहायचं राहिलं, तर फार मोठं काही हुकलं म्हणून समजा.

आधी व्हिजिटर सेंटरमध्ये जा. कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड या गीझरांच्या उडण्याच्या अंदाजे वेळा तिथे लावलेल्या असतात. त्यांचा फोटो काढून ठेवा, कारण पुढे मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही.

आम्ही रिव्हरसाइड निवडला. आईचे गुडघे दुखतात, पण तिथवरची वाट बरीचशी सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत. फायरहोल नदीच्या पलीकडच्या काठावर आधी नुसतीच वाफ दिसत होती. मग दगडी तोंडावरून पाणी ओघळून नदीत पडू लागलं. ही खूण लक्षात ठेवा: असं पाणी वाहू लागलं की तासा-दोन तासांत गीझर उडतो. खोलवरचं पाणी अतोनात तापलेलं असतं, पण वरच्या पाण्याच्या दाबाखाली त्याला उकळता येत नाही. दाब उतरला की त्याची एकदम वाफ होते आणि ती सगळं पाणी वर फेकते. आमच्यासमोर पाणी तिरकं उसळलं, नदीवर कमान झाली आणि कमानीच्या पोटात इंद्रधनुष्य उमटलं. वीसेक मिनिटं ते चाललं. आई उभी राहिली ती शेवटपर्यंत बसलीच नाही.

जवळच मॉर्निंग ग्लोरी कुंड आहे. ते एके काळी निळंशार होतं. लोकांनी नाणी आणि कचरा टाकून त्याचं तोंड चोंदवलं, पाणी निवलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी जिवाणू आत सरकले. पाहून जीव हळहळला.

ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम कुंडाला मात्र गार सकाळी जाऊ नका, वाफेत काही दिसत नाही. उन्हं वर आल्यावर फेअरी फॉल्सच्या वाटेवरून टेकडीवर चढा. तिथून सुमारे 110 मीटर रुंदीचं ते अख्खं कुंड नजरेत मावतं: मधोमध निळं, कारण तिथलं पाणी फार कढत, आणि कडेला उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे पिवळे-तांबडे पट्टे.

खालच्या फळ्यांच्या वाटेवर वारा जोराचा असतो. टोपी उडाली तर उडू द्या, तिच्यामागे एक पाऊलही टाकू नका. बाजूची जमीन पापुद्र्यासारखी पातळ असते आणि खाली कढत पाणी. इथे भाजून आजवर 20 पेक्षा जास्त माणसं गेली आहेत. लहान मुलांचा हात अजिबात सोडू नका.

आणि चष्म्यावर, कॅमेऱ्याच्या काचेवर तुषार आले तर लगेच पुसा. त्या पाण्यात सिलिका असते. एकदा वाळली की डाग निघत नाहीत.