बिल्ल्यावरची कमान

मंडळी, मागे सांगितलेला पितळी बिल्ला अखेर मार्गी लागतोय. रत्नागिरीत एका कासाराच्या मोडीच्या डब्यात, समईच्या तुटक्या दांडीखाली सापडला होता. वजनावर घेतला. एका बाजूला जॉर्ज पंचम आणि मेरी राणी, दुसऱ्या बाजूला नुसता कळंक. त्यातून ‘1911’ तेवढं वाचता येत होतं.

पहिली शंका अर्थात दिल्ली दरबाराच्या (1911 मध्ये जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त भरलेल्या) पदकाची. पण ते चांदीचं, 38 मिलिमीटरचं, आणि मागे फारसी मजकूर. हा भरतो 32 आणि अक्षरं रोमन. म्हणजे 2 डिसेंबर 1911 ला राजा-राणी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले त्याची आठवण, असं धरून बसलो.

चिंच लावायची नाही, हे घरात तीनदा सांगावं लागलं. देवाची उपकरणी चिंचेनेच लखलखतात, मग यालाच काय झालं, हे आईचं म्हणणं. पण आंबटाने कळंकाबरोबर खालचं पितळही खाल्लं जातं, बारीक अक्षरं बोथट होतात. आठ दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला, पाणी रोज बदललं. आपल्या खाऱ्या हवेचं मीठ आत मुरलेलं असतं. ते राहिलं की पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी परत फुटते. मग भिंगाखाली माडाच्या हिराने एकेक खाच मोकळी केली. सुईने ओरखडे पडतात. हीर मऊ, टोक झिजलं की तासायचं.

या कोरण्याच्या चौथ्या रात्री कमान दिसली. कोपऱ्यांवर बुरूज, मध्ये घुमट. गेटवे ऑफ इंडिया! हरखलो, आणि लगेच चेहरा पडला. कोनशिलाच 31 मार्च 1913 ची, म्हणजे राजा उतरला तेव्हा ही कमान उभीच नव्हती. आराखडा मंजूर झाला 1914 मध्ये, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला. साल भेटीचं, बिल्ला मात्र मागाहूनचा. खोटा म्हणणार नाही, गेटवेवरही तारीख 1911 चीच कोरलीय. फक्त असा बिल्ला कुणी ‘त्याच दिवशी वाटलेला’ म्हणून गळ्यात मारायला आला तर आधी उलटून बघा.

(त्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा इथेच रत्नागिरीत होता, वर्षभरापूर्वी बांधलेल्या राजवाड्यात नजरकैदेत. त्याचा ब्रह्मदेश जॉर्जच्या ताब्यात. त्यामुळे बिल्ला मी थिबा पॅलेसच्या पोस्टकार्डाशेजारीच लावणार.)

नाणी ठेवायची पीव्हीसीची (मऊ प्लॅस्टिकची) पाकिटं मात्र टाकून दिली. त्यांचाच हिरवा चिकटा दोन नाण्यांना लागला होता. सध्या बिल्ला ओल शोषणारं सिलिका जेल घालून काचेच्या बरणीत आहे. कड अजून साफ व्हायचीय. तिथे दोन अक्षरं हाताला लागतायत, बनवणाऱ्याचं नाव असेल तर बरं.